दारूड्याला तुरुंग की इलाज?
(होटगी येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या होटगी स्टेशनावर रुळाला फाटा फुटतो. एक गाडी वाडीकडे जाते, दुसरी विजापुराकडे. व्यसनी माणसाच्या घरापुढेही असेच दोन रस्ते असतात. एक तुरुंगाचा, दुसरा इलाजाचा. यांपैकी गरिबाच्या वाट्यास कोणता येतो, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

१९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. आपला सोलापूर जिल्हा त्यातच होता. हेतू चांगला होता. पण ज्याला डॉक्टरचा दाखला मिळविता येई, त्यास प्रकृतीच्या नावाने परवाना मिळे व तो उजळ माथ्याने पीत असे. ज्याच्यापाशी दाखला नाही, तो हातभट्टीवर जाई आणि पकडला जाई. दारू एकच, पण एक रोगी ठरला आणि दुसरा गुन्हेगार! याला न्याय म्हणावयाचे काय?

धनी तुरुंगात गेला म्हणजे दारू सुटतेच असे नाही. मजुरी मात्र सुटते. बायको सावकाराच्या दारात उभी राहते, पोराची शाळा मोडते. शिक्षा एकाला, भोगते सारे घर.

आम्ही हातभट्टीची तरफदारी करतो असे कोणी समजू नये. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. भट्टी बंद झालीच पाहिजे. पण नुसत्या धाडीने ती एका रानातून दुसऱ्या रानात जाते. हे ओळखून २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी धाडी चालूच राहिल्या. पण जोडीला लोकांची समजूत घातली आणि भट्टी सोडणारास दुसरा धंदा धरण्यास हात दिला. पोटाची सोय दिसली तेव्हा कित्येकांनी भट्टी सोडली.

परमुलखातही हाच अनुभव आहे. पोर्तुगालात २००१ पासून, स्वतःपुरता दहा दिवसांचा अमली माल जवळ सापडला तर माणसास तुरुंगात घालीत नाहीत; त्याला एका मंडळापुढे नेऊन इलाजाची वाट दाखवितात. विकणारास मात्र तुरुंगच आहे. बिहारात २०१६ साली कडक दारूबंदी आली. पुढे २०२२ साली पहिल्यांदा पिऊन सापडलेल्यास दंडावर सोडण्याची तरतूद करावी लागली.

गांजा, गर्द यांसाठी आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे. त्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, थोड्या मालाचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचारास गेला, तर त्यास खटल्यातून मोकळीक मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. कलम कागदावर आहे, पण झोपडीपर्यंत ते कोण पोचविणार?

तेव्हा ते तुम्हीच घरोघर सांगा. पोरास व्यसन लागले तर लपवू नका, झोडपू नका, इलाजाला न्या. आणि मत मागावयास येईल त्याला विचारा: दक्षिण सोलापूर तालुक्यात व्यसनी माणसासाठी दवाखान्यात किती खाटा ठेवल्या आहेत?