सांध्यांची औषधे आणि जंतुसंसर्ग : घ्यावयाची काळजी

(आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



आम्ही संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करतो. आज सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. धुण्याभांड्यांची कामे करणारी एक भगिनी आमच्याकडे येत असे. बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी तासभर मूठ वळत नसे. मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन या गोळ्यांनी तिला आराम पडला व ती पुन्हा कामाला लागली. पुढे तिला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, भूक मंदावली. "गोळ्यांची उष्णता झाली," असे कुणी सांगितले आणि तिने सर्व गोळ्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी ती चक्कर येऊन पडली. तपासात क्षयरोग निघाला. तिचे सासरे कित्येक महिने खोकत होते. घरात कुणाला जुना खोकला आहे काय, हा साधा प्रश्न औषध सुरू करताना आम्ही विचारलाच नव्हता.

आमवातात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. औषधे तिला आवर घालतात, म्हणून सूज उतरते. परंतु जंतूंशी लढणारी शक्तीही तीच असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 साली त्यांना सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण स्टेरॉइडची मात्रा आणि मुदत वाढली की जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो, हे पुढे दिसून आले. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारख्या महागड्या इंजेक्शनांनी शरीरात दबून राहिलेला क्षय उफाळू शकतो. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, म्हणून आपल्याला ही गोष्ट अधिक लागू पडते.

मग औषधेच नकोत काय? तसे नाही. आटोक्यात नसलेला आमवात सांधे कायमचे वाकडे करतो आणि तोही जंतुसंसर्गाचा धोका वाढवतो. औषध सोडणे हा उपाय नव्हे; सावधपणे घेणे हा उपाय आहे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) अशी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी हातावर सुई टोचून करायची माँटू चाचणी किंवा रक्ततपासणी, तसेच काविळीच्या बी व सी विषाणूंची तपासणी करून घ्यावी. घरात कुणाला क्षय झाला असल्यास न लपवता सांगावे.

2) आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. रोज घेतल्यास तोंड येते, रक्तातील पेशी घटतात आणि जिवावर बेतते. कोट्रायमोक्सेझोल ही जंतुनाशक गोळी त्याच्यासोबत घेतल्यासही असाच धोका असतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी.

3) स्टेरॉइड ताप झाकून ठेवते. म्हणून बारीक ताप, दोन आठवड्यांचा खोकला, घटणारे वजन किंवा अंगावर एका बाजूला उठलेली नागीण यांकडे दुर्लक्ष करू नये. ताप आल्यास मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन काही काळ थांबवावे काय, हे डॉक्टरांना विचारावे. बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड मात्र एकाएकी कधीही बंद करू नये.

4) दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोनियाची लस घ्यावी. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शक्यतो लसीकरण उपचार सुरू होण्यापूर्वीच उरकावे.

5) नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत. तीन दिवसांत दुखणे पळवणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असू शकते.

6) पाणी उकळून प्यावे, कच्चे दूध टाळावे, अनवाणी चालू नये. मातीतून शिरणारे काही जंत स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या शरीरात बेसुमार वाढतात.

त्या भगिनीचे क्षयाचे औषधोपचार पूर्ण झाले. क्षयाच्या एका औषधाने स्टेरॉइडचा परिणाम कमी होतो, म्हणून मात्रा जुळवावी लागली. सासऱ्यांवरही उपचार झाले. आज ती कामावर जाते. तेव्हापासून आमच्या तपासणीच्या कागदावर पहिला प्रश्न छापलेला आहे : "घरात कुणी खोकते काय?" आम्ही विचारायला विसरलो, तर तुम्ही आपण होऊन सांगा.