गोण्या मागा, जागा आपण दाखवू

२०२१ पासून रोटरी फाउंडेशन पर्यावरणाच्या कामालाही अनुदान देते. शहरातली रोटरी क्लबची माणसं गावात येऊन "काय हवं?" म्हणाली, की आम्ही रोपं मागत नाही. ती जगवायला उन्हाळ्यात हंडा आपल्याच डोक्यावर येतो! आम्ही वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एक दिवसाचं श्रमदान मागतो. पाऊस ओसरला, पण ओढा अजून वाहतोय, तेवढ्यातच हे काम करायचं; आमच्याकडे दिवाळी उलटली की अडवायला पाणीच उरत नाही. गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे मोडत रचायच्या. जागा मात्र आपण दाखवायची, खालच्या अंगाला विहीर असेल तिथली. नाहीतर फोटोला सोयीची, रस्त्याकडेची ठरते. आणि गोण्या प्लास्टिकच्या, उन्हाने चिरतात. मृगाआधी त्या उचलायला कोण येणार, हे क्लबकडून त्याच दिवशी लिहून घ्या.