सुगंध आणि मनःस्वास्थ्य
(पाथर्डी येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणगौरव, वसतिगृह-निधी व वधूवर-सूची यांच्या जोडीस लव्हेंडरच्या तेलाचा विषय कशासाठी, असे काहींस वाटेल. पुण्यामुंबईची मुले हल्ली या तेलाची लहानशी बाटली वडीलधाऱ्यांसाठी घेऊन येतात. याने मन शांत होते, झोप लागते, असे सांगतात. यात तथ्य किती, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

लव्हेंडर हे मूळचे भूमध्य समुद्राकाठचे झुडूप. त्यास थंड हवा मानवते. आपल्या देशात जम्मू प्रांतातील डोडा जिल्ह्यात, भदरवाह येथे, अनेक शेतकऱ्यांनी मक्याऐवजी त्याची लागवड केली आहे. जांभळ्या फुलांतून वाफेच्या योगे तेल काढतात.

गंधाचा व मनाचा संबंध आपल्या पूर्वजांस ठाऊक होताच. माठातील वाळा, देवघरातील चंदन, वेणीतील मोगरा यांनी चित्त प्रसन्न होते, हा सर्वांचा अनुभव आहे. घ्राणेंद्रियाचे तंतू मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी निकट जोडलेले असतात, असे शास्त्र सांगते. जर्मनीत या तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल चिंतारोगावर देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अभ्यासात ७७ रुग्णांपैकी काहींस ही कॅप्सूल व काहींस लोराझेपाम हे औषध दिले. सहा आठवड्यांत दोन्ही गटांची चिंता जवळजवळ सारखीच उतरली. मात्र अभ्यास लहान होता, आणि ती औषधी कॅप्सूल होती. बाटलीतील तेल कोणी पिऊ नये. ते विषारी ठरू शकते. दोन थेंब कापसावर घालून उशाजवळ ठेवावेत. तेल तसेच अंगास लावू नये, मुलांच्या हाती देऊ नये. दमेकऱ्यांनी जपून असावे.

इतका लाभ घ्यावा. परंतु सुगंध हा सोबती आहे, वैद्य नव्हे. आपला तालुका अवर्षणाचा. काळजी घरोघर आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्न गोड लागेना, झोप उडाली, तर तो आजार समजून डॉक्टर गाठावा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला, तर एक दिवसही दवडू नये व त्यास एकटे ठेवू नये. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथे अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्यांत मधुमेहाचे औषध चारचौघांत विचारतात. मनाच्या दुखण्याचे नाव मात्र दार लावून काढतात. कारण एकच, मुलीचे स्थळ मोडेल. या भयापायी उपचार लांबतो आणि साधे दुखणे असाध्य होऊन बसते. म्हणून आमची विनंती अशी की, घरातील कोणी मनोविकारावर उपचार घेतो एवढ्याच कारणावरून कोणी स्थळास नकार देऊ नये. उपचार घेणारे घर लपवाछपवी करणाऱ्या घराहून अधिक विश्वासाचे होय.

हा संकल्प आपण आज केला, तर बाटलीतील सुगंधाहून मोठे समाधान अनेक घरांस लाभेल.