मेलेली माणसे आणि राहिलेले हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, ओमती येथे केलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही ‘स्वस्तातले प्रेतपट’ एवढेच लिहून पाठविले. दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः घरी आले. ‘आपणांस संतपट लिहावयाचे होते काय?’ असे त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले. आम्ही नाही म्हणालो. चहा घेऊन ते परत गेले, आणि आज आम्ही आपणांसमोर उभे आहोत. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात चालले आहे. थोड्या पैशांत कोणी काय करून दाखविले हे पाहण्याची खोड त्यामुळे जडली आहे, आणि या चित्रपटांइतके थोडे पैसे फार कमी ठिकाणी आढळतात.

इंग्रजीत ज्यास झोंबी म्हणतात (आनंद यादवांच्या आत्मकथनाशी याचा काडीमात्र संबंध नाही), ते म्हणजे उठून चालू लागलेले प्रेत. ही कल्पना मूळची हैती बेटावरची. तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवीत. मरणानंतर तरी सुटका होईल, ही त्यांची एकच आशा. तेव्हा मेल्यावरही कोणी आपल्याला उठवून पुन्हा कामाला जुंपील, याहून भयंकर कल्पना त्यांना कोणती सुचावी? १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात बेला लुगोसी हा नट अशी प्रेते साखरेच्या कारखान्यात राबवितो, त्याचे मूळ यात आहे.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा चित्रपटांचे पीक आले. एडवर्ड कान या एकाच दिग्दर्शकाचे तीन पाहा. १९५५ च्या ‘क्रीचर विथ द ॲटम ब्रेन’मध्ये मेलेल्यांच्या डोक्यात यंत्र बसवून त्यांच्याकडून खून करवितात. १९५७ च्या ‘झोंबीज ऑफ मोरा टाऊ’मध्ये बुडालेल्या जहाजावरचे मृत खलाशी हिऱ्यांची राखण करतात. हा तर आपला ठेव्यावर बसलेला समंध! आणि १९५९ च्या ‘इनव्हिजिबल इन्व्हेडर्स’मध्ये परग्रहावरचे अदृश्य जीव प्रेतांत शिरून त्यांना चालवितात. वेताळपंचविशी लहानपणी ऐकलेल्या माणसास यात नवे काय वाटावे? प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसणारा वेताळ आपल्याकडे केव्हाचा आहे, शिवाय तो कोडी घालतो. परग्रहावरच्या या पाहुण्यांना तेवढी बुद्धी नाही.

गरिबीचा कळस मात्र एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटात पाहावा. लुगोसी १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारले, तेव्हा वुड यांच्यापाशी त्यांचे थोडेसेच चित्रण होते. उरलेल्या चित्रपटात त्यांच्या जागी वुड यांच्या पत्नीची हाडे बसवून देणारा वैद्य उभा केला. तो अंगाने उंच आणि चेहऱ्याने निराळा, म्हणून तोंडावर सतत झगा धरून वावरतो. भांडवल दिले चर्चच्या मंडळींनी. स्मशानातले थडग्यांचे दगड धक्का लागला की हलतात. आम्ही हा चित्रपट मुलाबरोबर पाहिला. तो पोट धरून हसत होता. आम्हांस हसू आले, परंतु मेलेल्या मित्राची चार मिनिटे वाया जाऊ नयेत म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाविषयी थोडी आपुलकीही वाटली.

या दशकातली बहुतेक प्रेते हुकमाची ताबेदार आहेत. स्वतःची इच्छा नाही, वैर नाही. वरून आदेश आला की उठावे, चालू लागावे. सरकारी नोकरास त्यांच्याविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा वरिष्ठ नाहीसा झाला.

आता आपल्याकडे वळू. हिंदीतल्या प्रेतपटांच्या मुळाशी एक थोर मराठी साहित्यिक नकळत उभा आहे. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर. कराचीहून फाळणीनंतर मुंबईस आलेले एफ. यू. रामसे यांच्यासाठी बेडेकरांनी १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ आणि १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हे चित्रपट दिग्दर्शित केले. दुसरा चित्रपट पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या प्रसंगासाठी लोक येतात, हे रामसे यांच्या मुलांच्या ध्यानात आले. तर मग सबंध चित्रपट तसाच का काढू नये? हा हिशेब आम्हांस बिनचूक वाटतो.

त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला. सारे कुटुंब महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीस, कुमार लेखनास. स्वयंपाक घरच्या बायकांचा. साडेतीन लाख रुपये आणि चाळीस दिवस, असा जमाखर्च बंधूंनी पुढे मुलाखतींत सांगितला आहे. नवऱ्यास पत्नी आणि तिचा साथीदार जमिनीत पुरतात आणि तो पुन्हा त्यांच्यापुढे येतो, एवढीच गोष्ट. शेवट आम्ही सांगत नाही. पण फरक पाहा. हा कोणाच्या हुकमाने आलेला नाही. त्याचे काही येणे आहे, ते वसूल करण्यास तो आला आहे. आपला मुंजा घ्या, हडळ घ्या, समंध घ्या, प्रत्येकाचे काहीतरी राहिलेले असते. आपल्याकडे मेलेला माणूस खाते बंद करीत नाही.

रामसे यांचा ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. आम्ही तो १९८५ च्या थंडीत, मंडळातील नाट्यगीतांच्या तालमीस दांडी मारून, शेवटच्या खेळाला पाहिला. सामरी नावाच्या सैतानाचे शिर एकीकडे पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेले, आणि दोन्ही पुन्हा एक होणार! टॉकीजमधून बाहेर पडलो तो धुके. ओमती नाल्याच्या पुलाशी पाय उचलेना. पलीकडे कोणीतरी कंदील घेऊन उभे होते, आणि ते सामरीहून भयंकर होते, कारण ते आमचे वडील होते.

‘खंय होतंस रे?’

आम्ही सारे सांगून टाकले. मार बसला नाही. वडील वेंगुर्ल्याकडचे, गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीसाठी इकडे आलेले. वाटेत ते म्हणाले, ‘तेका कित्याक भियाचा? आमचो वेतोबा रातचो गाव राखीत फिरता.’ आणि आरवलीच्या वेतोबाची हकीकत त्यांनी त्या रात्री प्रथम सांगितली. त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, आणि गावभर फिरून त्या झिजतात, अशी तिकडची श्रद्धा आहे. आमच्यासारख्या जबलपुरात जन्मलेल्याला गाव म्हणजे मनीऑर्डरीवरचा पत्ता होता. त्या रात्री प्रथमच तो रस्ते आणि अंधार असलेला झाला. हे श्रेय आम्ही रामसे बंधूंना देतो.

पुढे आम्हांस नोकरी लागावी म्हणून वडिलांनी वेतोबाला चपलांचा जोड बोलला. नोकरी लागली. नवस फेडण्यास ते दरवर्षी ‘जावया मा?’ असे विचारीत. आम्ही म्हणत असू, मार्च होऊ द्या. मार्चमध्ये हिशेब, एप्रिलमध्ये तपासणी, मग मुलांच्या परीक्षा, मग पाऊस. एकदा तिकिटेही काढली होती, ती रद्द केली. पुढे पुढे त्यांनी विचारणे सोडले. आम्हांस बरेच वाटले, हे येथे कबूल करतो. २००९ च्या डिसेंबरात ग्वारीघाटावर त्यांना निरोप दिला. दुसऱ्यांच्या खात्यांतली एक रुपयाची तफावत शोधण्यात रात्री घालविणाऱ्या आमच्या नजरेतून ही एवढी बाकी सुटली.

२०११ साली आम्ही येथल्याच एका कारागिराकडून हातभर लांबीचा जोड करवून घेतला. ‘बाबूजी, किस पहलवान के लिए?’ असे त्याने विचारले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जोड मांडीवर घेऊन आम्ही इटारसी, मुंबई, सावंतवाडी असा प्रवास केला. देवळात आधी वाहिलेल्या चपला पाहिल्या. आमचा हात आपोआप एकीच्या तळव्याकडे गेला.

गाऱ्हाणे घालण्यापूर्वी नवस कोणाचा, असे विचारले गेले. आम्ही वडिलांचे नाव सांगितले.

‘ते इले नाय? खंय आसत?’

‘जबलपूरला,’ आम्ही म्हणालो.