नदीच्या सहलीला निघताना



समजा, रात्रीची वेळ आहे आणि देवगाव फाट्यावर सहलीची गाडी उभी आहे. कोणी सेलूकडून आले आहे, कोणी जिंतूरकडून, कोणी मंठ्याकडून. कोणाच्या हाती नवी कोरी बॅग, तर कोणाच्या खांद्याला धपाट्यांचे गाठोडे. गाडी निघाली आहे रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर. तेथे हवा भरलेल्या रबरी तराफ्यात बसायचे, हाती वल्हे घ्यायचे आणि खळाळत्या पाण्यातून सुमारे बारा किलोमीटर जायचे. यालाच राफ्टिंग म्हणतात. अशा सहलीला जाताना अंगावर काय घालावे आणि बरोबर काय न्यावे, याविषयी आज थोडे बोलू.

आधी ती नदी कशी आहे ते पाहा. आपल्या दुधनेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूच जास्त दिसते. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही सकाळी जोरात वाहते. मुळशी धरणाचे पाणी डोंगरावरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येते, तेथली चक्रे फिरवते आणि पुढे कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजघर 1927 सालचे. मुळशीच्या या धरणात आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. ताम्हिणी घाटाने गेलात तर वाटेत हा जलाशय दिसेल. मुलांना तो जरूर दाखवा.

वीजघरातून पाणी सुटते त्यावर तराफ्यांची वेळ ठरते, आणि ती बहुधा सकाळची असते. पाणी काही आपल्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून पाण्यात घालायचे कपडे बॅगेच्या तळाशी नकोत, अगदी वर ठेवा. शेवटच्या मुक्कामावरच ते अंगावर चढवले तर आणखी उत्तम.

आता कपड्यांचे. आपण पाण्यात पडणारच आहोत असे धरून कपडे निवडावेत. धोतर, लुंगी, साडी ही पाण्यात पायांभोवती गुंडाळतात. जीनची विजार आणि जाड सुती कापड पाणी पिऊन जड होते, आणि लवकर वाळतही नाही. ओल्या कपड्यात वारा लागला की उन्हाळ्यातसुद्धा अंगात हुडहुडी भरते. त्यापेक्षा पातळ पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गुडघ्यापर्यंतची, नाडी घट्ट बांधलेली विजार बरी. बायकांनी अंगाबरोबरची सलवार आणि आखूड कुर्ता घालावा. ओढणी मात्र नको, ती वल्ह्यात वा दगडात अडकते. बांगड्या, अंगठ्या, नथ, मंगळसूत्र यांविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्या आणि ती घरीच ठेवा. नदीकाठी उभे राहून हा वाद नको. केस घट्ट बांधा. चष्मा असेल तर काड्यांना दोरी बांधून ती डोक्यामागे आवळा.

पायात काय घालावे? शाळेच्या पी.टी.चे नाडीचे कॅनव्हास बूट चांगले. चपला पहिल्याच लाटेत जातात, आणि अनवाणी पायाला तळचे दगड कापतात.

तुम्ही म्हणाल, जाकीट तर तेच देतात, मग आपण काय बघायचे? बघायचे ते तेच. आपल्याकडे पुष्कळांना पोहता येत नाही, तेव्हा पाण्यात आपला आधार तेवढाच. जाकिटाचे सगळे बंद लागले की शेजाऱ्याला सांगा, खांद्याजवळ धरून जोराने वर ओढ. जाकीट हनुवटीशी किंवा कानाशी आले तर ते ढिले आहे, पुन्हा आवळा. हेल्मेटचा पट्टाही हनुवटीखाली नीट बसला पाहिजे. येथे आपल्या माणसांची एक खोड आड येते. सगळे तयार उभे असतात, वाटाड्या घाईत असतो, मग “माझे ढिले आहे” असे म्हणायला संकोच वाटतो. भीड भिकेची बहीण, असे म्हातारी माणसे सांगतात. तराफ्यात चढण्यापूर्वी ती भीड काठावरच सोडा आणि स्पष्ट बोला.

पडलातच तर उताणे व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहू नका. दगडांच्या फटीत पाय अडकला तर पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो. वाटाड्याने दिलेली दोरी हाताला गुंडाळू नका, नुसती धरा.

बरोबरचे सामान गाडीतच राहू द्या. त्यात आतल्या कपड्यांसह एक कोरडा जोड, टॉवेल, चपला आणि ओले कपडे ठेवायला जाड प्लॅस्टिकची पिशवी असावी. मोबाइल, पैसे, किल्ल्या पाण्यात न उतरणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे द्या. दम्याचा पंप लागत असेल तर तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून वाटाड्याच्या स्वाधीन करा आणि त्याला तसे सांगून ठेवा. रात्रभर प्रवास झालेला असतो, म्हणून उपाशीपोटी उतरू नका, पोट फुगेपर्यंतही खाऊ नका. दोन घास खा, पाणी प्या. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नंतरसाठी ठेवा. नदीतून वर आल्यावर जी भूक लागते तिला तेच हवे.

शिक्षक मित्रहो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. साधारणतः चौदा वर्षांखालच्या मुलांना या पाण्यात घेत नाहीत. मोठ्या मुलांच्या बाबतीतही पालकांची लेखी संमती आधी घ्या. कोणाला फीट येते, कोणाला हृदयाचा त्रास आहे, कोणाची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे, हे घरी जाऊन विचारा. वर्गात सर्वांसमोर विचारले तर मूल खरे सांगणार नाही. अशांनी आणि गरोदर बायकांनी पाण्यात उतरू नये. एखाद्या मुलाने ऐन वेळी “मला नको, गुरुजी” म्हटले, तर त्याला हसू नका, इतरांनाही हसू देऊ नका. काठावर सामान सांभाळायला कोणीतरी लागतेच. ते काम त्याला द्या.

तराफ्यात चढताना माणसे मोजा, उतरल्यावर पुन्हा मोजा. गाडी फाट्यावर परत आली की तिसऱ्यांदा मोजा. आकडा जुळला की मग खुशाल ज्याच्या त्याच्या वाटेने घरी जा.