महामारीतील न्याय : मागितलेला आणि न मागता मिळालेला

(हट्टा, जि. हिंगोली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यायालयात संगणकाद्वारे कागदपत्रे दाखल करण्याचा, म्हणजे ई-फायलिंगचा विषय मी आजच्या वर्गासाठी सुचवला, तेव्हा एका मित्राने शंका काढली की हा वकिलांचा विषय आहे, कार्यकर्त्यांना त्याचे काय? मी त्यांना एवढेच विचारले की आपल्या भागात असे घर दाखवा, ज्याच्या पेटीत बांधाचा, वाटणीचा, पोटगीचा किंवा अपघाताच्या नुकसानभरपाईचा एखादा कागद नाही. ज्याच्या पेटीत तो कागद आहे, त्याचाच हा विषय आहे.

एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईंचा वाटणीचा दावा फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस फेटाळला गेला. खालच्या न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास कायद्याने तीस दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळवायची, वकिलाला भेटायचे, पैशाची जुळवाजुळव करायची, हे सर्व त्या तीस दिवसांत. हळद काढून शिजवण्याचे दिवस होते. बाई मजुरीला जात होत्या. नकलेसाठी जाऊ-जाऊ म्हणता २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एस.टी. बंद, न्यायालयात जेमतेम तातडीचे काम, रस्त्यावर पोलीस. दीर पुण्याला होता. त्याच्या वकिलाकडे संगणक होता, स्कॅनर होता, हाताखाली माणसे होती. बाईंजवळ बटणांचा फोन होता आणि त्यातही पैसे भरलेले नव्हते. जुलैमध्ये त्या कशाबशा वकिलापर्यंत पोहोचल्या, त्या हक्क बुडाला असे धरूनच. वकिलाने सांगितले, बुडालेला नाही.

का बुडाला नाही? तर २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता, स्वतः होऊन एक आदेश दिला होता. देशातील सर्व न्यायालयांत व न्यायाधिकरणांत दावे, अपिले, अर्ज दाखल करण्याच्या मुदती १५ मार्च २०२० पासून पुढील आदेशापर्यंत वाढवल्या होत्या. हा आदेश पुढे वाढत, मध्ये दोनदा मागे घेतला जाऊन पुन्हा लागू होत, अखेर १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने संपवण्यात आला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला गेला, आणि ज्यांची मुदत या काळात संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस मिळाले. बाईंना या आदेशाची गंधवार्ताही नव्हती. ती असण्याची गरजही नव्हती. आदेशाचा लाभ घेण्यास नाव नोंदवावे लागत नव्हते, पासवर्ड लागत नव्हता, पावती लागत नव्हती. हट्ट्यातील मजूर बाईला आणि मुंबईतील मोठ्या कंपनीला तो सारखाच लागू होता.

महामारीतील न्यायदानाचा विचार करताना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या काळाचे वर्णन 'न्यायालये संगणकावर आली' असे केले जाते, आणि ते खोटे नाही. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील अधिकार वापरून दूरदृश्य सुनावणीविषयी निर्देश दिले. ज्यांच्याजवळ साधने नाहीत त्यांना ती उपलब्ध करून द्यावीत आणि दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय या पद्धतीने साक्षीपुरावा नोंदवू नये, अशी बंधनेही त्यात होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपुरात 'न्याय कौशल' हे देशातील पहिले ई-संसाधन केंद्र तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाले. हे सर्व झाले आणि चांगले झाले. परंतु गरिबाचा हक्क त्या दिवसांत प्रामुख्याने संगणकाने वाचवला नाही. तो वाचवला घड्याळ थांबवणाऱ्या आदेशाने. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च २०२० मध्ये आपल्या अधिकारक्षेत्रातील अंतरिम आदेश आपोआप पुढे चालू ठेवले आणि बेदखलीचे व पाडकामाचे आदेश स्थगित ठेवले. ज्याचे झोपडे वाचले, त्याला त्यासाठी अर्ज करावा लागला नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्या शास्त्रातील एक साधा भेद येथे उपयोगी पडतो. काही लाभ सर्वांना आपोआप मिळतात; काही अर्ज करणाऱ्यालाच मिळतात. अर्ज करावा लागणाऱ्या लाभाला सरकारी दर कितीही कमी असो, एक छुपी किंमत असते : वेळ, प्रवास, बुडालेला रोज, मध्यस्थाची दक्षिणा. ही किंमत श्रीमंताच्या खिशाला जाणवत नाही आणि गरिबाला ती भरता येत नाही. त्यामुळे कागदावर समान असलेला हक्क व्यवहारात विषम होतो. रेशनकार्डासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे मी शिकवण्याची आवश्यकता नाही.

आता ई-फायलिंगची छुपी किंमत पाहा. पूर्वी पक्षकार कागद देत असे. तो नोंदवणे, क्रमांक घालणे, सांभाळणे हे न्यायालयाचे, म्हणजे शासनाच्या खर्चाचे काम होते. आता कागद स्कॅन करणे, ठरलेल्या मापात पीडीएफ बनवणे, पानांना क्रमांक व खुणा घालणे, शुल्क ऑनलाइन भरणे आणि त्रुटी निघाल्यास सर्व पुन्हा करणे हे काम पक्षकाराच्या बाजूला आले. ज्याला सुधारणा म्हटले जाते, तिचा एक भाग हा केवळ खर्चाचे हस्तांतर आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, घटस्फोट अशा दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. शुल्क माफ झाले. स्कॅनिंगच्या दुकानातील पानामागचे पैसे कोणी माफ केले? दोनशे पानांचे अपील असेल तर त्या बाईचा एक दिवसाचा रोज त्यातच गेला.

महामारीपूर्वी झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांत संगणक आढळला आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय. त्यानंतर मोबाइलचा प्रसार पुष्कळ झाला, हे मान्य. पण मोबाइलवर चित्रपट पाहणे वेगळे आणि अपिलाचा संच दाखल करणे वेगळे. कायदा व न्यायविषयक संसदीय स्थायी समितीनेही सप्टेंबर २०२० च्या अहवालात साधनांची, जोडणीची आणि कौशल्याची अशी तिहेरी दरी नमूद केली होती. ती समिती काही आपल्या पक्षाची नव्हती!

या भागातील वृद्धांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, आपली मराठी. माझ्या आजोबांच्या पिढीतील शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीबद्दलची तक्रारसुद्धा अर्जनवीसाकडून लिहून घ्यावी लागे, आणि त्याने काय लिहिले हे आपल्याला वाचता येत नसे. अंगठा तेवढा आपला. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. एक दरवाजा उघडला. आता त्याच दरवाजाच्या आत दुसरा दरवाजा बसत आहे. अर्जनवीस परत आला आहे. तो इंटरनेटच्या दुकानात बसतो, आपला ओटीपी विचारतो आणि आपल्या नावाने काय पाठवले ते आपल्याला कळत नाही. पूर्वी अंगठा देत होतो, आता सहा अंक सांगतो.

याचा अर्थ मी यंत्राचा विरोधक आहे असा कृपया घेऊ नये. १९८० च्या दशकात बँकांतील संगणकाविरुद्धच्या सभांना मी विद्यार्थी म्हणून गेलो आहे. त्या विरोधातील नोकऱ्यांची काळजी रास्त होती, पण संगणकच नको ही भूमिका टिकणारी नव्हती. ई-फायलिंगचे लाभही स्पष्ट आहेत. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद येथील पीठ १९८१ साली सुरू होईपर्यंत मराठवाड्याच्या पक्षकाराला मुंबईची वाट धरावी लागे. पीठ आले, तरी हट्ट्याहून ते सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. केवळ एक कागद देण्यासाठीची ती खेप वाचत असेल तर ती वाचावीच. शिवाय संगणकावर कागद पोहोचल्याची वेळ नोंदली जाते. फाईल 'सापडत नाही' असे सांगून चहापाण्याची अपेक्षा करणाऱ्याची सोय त्यामुळे कमी होते. आपला आक्षेप यंत्राला नाही, सक्तीला आहे.

आणि सक्तीतून एक सूक्ष्म धोका उद्भवतो. मुदत कायद्याच्या चौथ्या कलमात असे आहे की मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. हे कलम सामान्य माणसाचे छत्र आहे. पण चोवीस तास उघड्या असणाऱ्या संगणकीय न्यायालयाला 'बंद' कधी म्हणायचे? गावात तीन दिवस वीज नसेल, नदीला पूर असेल, साथ असेल, तरी मुंबई-दिल्लीचे यंत्र चालूच असणार. उद्या कोणी म्हणेल, दार उघडे होते, तुम्ही आला नाहीत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले नाही, हे त्याचे श्रेय. पुढच्या संकटात कोण काय म्हणेल, हे आज कायद्यात लिहून घेतले पाहिजे.

त्या सवलतीचा उपयोग सत्तेनेही करून पाहिला, तेही सांगितले पाहिजे. ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तमिळनाडूतील एका प्रकरणात असे मांडण्यात आले की मुदती वाढल्या आहेत, म्हणजे पोलिसांचीही वाढली. जून २०२० मध्ये एस. कासी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारले. पक्षकाराचा हक्क वाचवण्यासाठी थांबवलेले घड्याळ माणसाला तुरुंगात अधिक ठेवण्यासाठी वापरता येत नाही. हा निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण अटक कोणाची होते हे आपण जाणतो.

आपल्याच मराठवाड्यातील एक आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली गेले. त्यानंतर चालणाऱ्या मजुरांसाठी सर्वोच्च न्यायालयात रीतसर अर्ज झाला. १५ मे रोजी तो फेटाळला गेला. अकरा दिवसांनी, २६ मे रोजी, त्याच न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्या आणि आलेली पत्रे पाहून स्वतः होऊन दखल घेतली. अर्ज संगणकावरून नीट पोहोचला होता. पोहोचणे आणि ऐकले जाणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

पत्रांवरून आठवले. १९८२ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने त्या पत्रालाच याचिका मानून स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलीस, कायदेशीर साहाय्य यांबाबत निर्देश दिले. त्या पत्राला समास किती होता, कोणी विचारले नाही.

आता आपण काय मागायचे? कागदी अर्ज हा ई-फायलिंगइतकाच वैध राहिला पाहिजे. तो स्वीकारून संगणकावर चढवण्याचे काम न्यायालयाने स्वतःच्या खर्चाने करावे. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पैसा नाही ही सबब चालणार नाही. ई-सेवा केंद्रे न्यायालयाच्या आवारातच न ठेवता मोठ्या गावांपर्यंत आणावीत, आणि तेथील माणसाने भरलेला मजकूर पक्षकाराला मराठीत वाचून दाखवावा. साथ, पूर किंवा यंत्रणेतील बिघाड यांमुळे दाखल करणे अशक्य झाले, तर त्या भागातील मुदत आपोआप थांबावी. प्रत्येकाने विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज करून, प्रतिज्ञापत्र जोडून, गयावया करावी लागू नये.

आणि सरकारकडे मागताना आपले काम विसरू नये. मोफत कायदेशीर साहाय्याची तरतूद १९७६ पासून राज्यघटनेत आहे, १९८७ पासून तिचा कायदा आहे, तालुका पातळीवर समित्या आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्या समितीकडे एखादा पक्षकार नेला आहे? येथे हात वर करायला सांगत नाही. मी ज्या बाईंविषयी बोललो, त्यांचे अपील दाखल झाले. ते अद्याप चालू आहे. गेल्या तारखेला त्यांना एक कागद संगणकावरून पाठवण्यास सांगितले गेले. गावातील बारावीच्या एका मुलीने तो माझ्या ओसरीवर बसून पाठवला, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ बाईंना मोठ्याने वाचून दाखवली. दोन ठिकाणी बाईंनी तिला थांबवले. सर्व्हे नंबर चुकला होता.