पाणी ओसरल्यावर मागाकडे



भिवंडीत खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी कितीतरी घरं आहेत. आमचंही तसंच. कामवारी नदीचं पाणी गल्लीत शिरलं की माणसं वर सुखरूप असतात, पण जीव खालच्या चार मागांत अडकलेला असतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी आमच्या गाळ्यात पाणी मागाच्या बीमच्याही, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाच्याही वर चढलं. ओसरलं तेव्हा सगळीकडे घोटाभर गाळ. दोन दिवसांनी वीज आली आणि बाबांनी एका मागाचं बटण दाबलं. मोटर वरून कोरडी ठणठणीत दिसत होती. क्षणभर घुमली, मग वार्निश जळाल्याचा तो उग्र वास. बाबा कितीतरी वेळ बटणावरचा हात तसाच ठेवून उभे होते. म्हणून कळकळीनं सांगतो, बटणाला हात लावू नका. आधी वायरमनकडून मेन स्विच बंद झाल्याची खात्री करून घ्या. मोटर उघडून गोड्या पाण्यानं धुवायची, वाइंडिंग पूर्ण वाळवायचं, मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचं. आकडा एक मेगओहमच्या खाली असेल, तर ती मोटर अजून ओली आहे.

मोटर वाळेपर्यंत गाळ मात्र थांबत नाही. ओला असेपर्यंत नुसत्या पाण्यानं निघतो. वाळला की गिअरच्या दातांत सिमेंटसारखा बसतो. उपसण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा आणि गमबूट घाला. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरूच नका. ताप आला तर अंगावर काढू नका.

लोखंड धुतलं की त्याच दिवशी पुसून तेलाचा हात फिरवा, कारण गंज एका रात्रीत चढतो. फणीकडे जास्त लक्ष द्या. तिच्या पोलादी पात्यांवर गंजाची खर राहिली, तर ताण्याचे धागे पटापट तुटतात. तेलाचं फडकं दोन बोटांत धरून पात्यांवरून फिरवायचं. कुठे अडकतं ते बोटाला लगेच कळतं. धोटे उन्हात टाकू नका. लाकूड तडकतं. सावलीत, वाऱ्यावर, सावकाश.

भिजलेल्या बीमवरचं सूत वाचवायचा मोह आम्हालाही झाला होता. पण सुताला लावलेली खळ भिजली की फेरे एकमेकांना चिकटतात, आंबूस वास येतो आणि आतपर्यंत बुरशी धरते. दोन दिवस धडपडून शेवटी आम्ही ते सूत कापून काढलं. आईनं ते दोन पोत्यांत भरलं.

पहिला माग सुरू झाला तो तेराव्या दिवशी. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. स्टार्टर आणि मीटर आम्ही त्या रेघेच्या हातभर वर बसवून घेतले.